अकराव्या मजल्यावरचा धूर

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी आमच्या इमारतीचा आगीचा भोंगा वाजला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून, खांद्यावर टॉवेल टाकून मी जिन्यात आलो, तर बारा मजल्यांच्या त्या जिन्यात माझ्याशिवाय कुणीही नव्हते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी दार किलकिले करून, "काही नाही हो, कुणाची तरी फोडणी असेल," असे सांगितले आणि दार लावून घेतले. भोंगा साधारण चार मिनिटे वाजत राहिला, मग खालून कुणीतरी तो बंद केला. इमारतीत ४८ कुटुंबे राहतात, आणि त्या चार मिनिटांत एकही माणूस खाली उतरला नाही. सोसायटीचा सेक्रेटरी होऊन मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

आमची इमारत पुण्यात बाणेरला आहे. दोन मजले पार्किंगचे, त्यावर बारा मजले आणि प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या देखभाल विभागात गेल्यामुळे यंत्र उगाच ओरडत नाही, अशी एक खोड मला लागलेली आहे. म्हणून अर्धी दाढी पूर्ण केल्यावर मी तळमजल्यावरच्या सुरक्षा केबिनमध्ये गेलो आणि भिंतीवरच्या, आगीचा भोंगा चालवणाऱ्या पॅनलसमोर उभा राहिलो. पॅनलवर एक पिवळा दिवा लागलेला होता. सुरक्षारक्षकाला विचारले, तेव्हा त्याने अगदी सरळपणे सांगितले, "साहेब, अकरावा मजला मी बंद करून ठेवलाय. गणपतीच्या आधीपासून. आज दहाव्यानं वाजवलं."

याचा अर्थ असा की जवळजवळ चार महिने अकराव्या मजल्याच्या लॉबीत आग लागली असती, तरी पॅनलला ते कळले नसते. सुरक्षारक्षकाला बोलण्यात अर्थ नव्हता, कारण भोंगा वाजला की वरून सात-आठ इंटरकॉम एकदम येतात आणि प्रत्येक जण "आधी ते बंद कर" एवढेच म्हणतो, हे मी स्वतः ऐकलेले होते. त्याने जे लोकांनी मागितले तेच दिले होते. जाता जाता तो आणखी एक वाक्य बोलला, "थंडीत जास्त वाजतं साहेब," आणि मी ते ऐकून सोडून दिले. पुढचे काही आठवडे मी जे शोधत होतो, ते त्या वाक्यात होते, हे मला फार उशिरा उमगले.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात ते, परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी राहणाऱ्यांची आणि मालकांची असते. जुलैचे प्रमाणपत्र फाईलमध्ये व्यवस्थित लावलेले होते. जानेवारीचे तीन आठवड्यांवर आले होते, आणि अकरावा मजला बंद असताना त्या कागदावर सोसायटीचा शिक्का मारण्याची माझी तयारी नव्हती. त्याच दिवशी मी अकरावा मजला पुन्हा चालू करून घेतला आणि पुढच्या काही आठवड्यांत इमारतीतला सर्वांत अप्रिय माणूस झालो.

आमचा वार्षिक देखभाल करार ज्या संस्थेकडे होता, तिचा तंत्रज्ञ सोमवारी आला. त्याने अकराव्या आणि दहाव्या मजल्यावरचे, छताला लावलेले धूर ओळखणारे डिटेक्टर काढले, ब्लोअरने आतली धूळ उडवली, अकराव्याचा तर नवाच बसवला, आणि बुधवारी सकाळी नव्यानेही भोंगा वाजवला. तेव्हा त्याने सुचवले की लॉबीत धुराच्या डिटेक्टरऐवजी उष्णतेचा लावून टाकू, कटकट कायमची मिटेल. मला ते पटले नाही. उष्णतेचा डिटेक्टर साधारणपणे छताजवळची हवा ५७ अंश सेल्सिअसला पोहोचली की बोलतो. स्वयंपाकघरात तो योग्यच आहे, कारण तिथे वाफ आणि धूर रोजचाच असतो. पण लॉबी ही बाहेर पडण्याची वाट आहे, आणि तिथले तापमान ५७ वर जाईपर्यंत धुराने ती वाट कधीच बंद झालेली असते. तिथे धूर ओळखणाराच हवा.

तरीही मी त्याच्याकडून एक काम करून घेतले. काढलेला जुना डिटेक्टर त्याने मला माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवला. आत काळ्या प्लॅस्टिकची, वळणावळणाच्या भिंतींची एक छोटी डबी असते. तिच्या एका बाजूला प्रकाश सोडणारा बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा डोळा असतो, आणि दोघांना एकमेक सरळ दिसणार नाहीत अशा कोनात ते बसवलेले असतात. हवा स्वच्छ असली की डोळ्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. डबीत धुराचे कण शिरले की प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यावर पडतो आणि पॅनलला संदेश जातो. हा कण जळत्या पडद्याचा आहे, तापलेल्या तेलाचा आहे, आंघोळीच्या वाफेचा आहे की रंगकाम करणाऱ्यांनी घासलेल्या पुट्टीचा आहे, हे त्या डोळ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. त्या उघडलेल्या डबीच्या भिंतींवर बोट फिरवले, तर बोटाला राखाडी धूळ लागली आणि ती धूळ चिकट होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली, तेव्हा लक्षात आले की हा तेलाचा राप आहे, अगदी आपल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जमतो तसला. म्हणजे डिटेक्टर बिघडलेला नव्हता. लॉबीच्या छताशी खरोखरच कुणाच्या तरी कढईतली हवा येत होती.

कुणाच्या, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे माझ्याकडून चूक झाली. अकराव्या मजल्यावर मूळचे मालवणकडचे एक कुटुंब राहते. त्यांच्याकडे मासे तळले जातात आणि मजल्यावर वास येतो, अशी कुजबूज आधीपासून होतीच. मी कसलीही खातरजमा न करता त्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर एक सौम्य पत्र दिले, की स्वयंपाक करताना मुख्य दार बंद ठेवावे आणि चिमणी वापरावी. त्या वहिनींनी पत्र वाचून काहीच वाद घातला नाही. मात्र नाताळच्या सुट्टीत ते सगळे आठवडाभर गावी गेले, घराला कुलूप होते, आणि त्या आठवड्यात अकराव्या मजल्याने तीनदा भोंगा वाजवला. परत आल्यावर वहिनी काजूगरांची पुडी घेऊन माझ्या घरी आल्या आणि पत्राची घडी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे आता तुमच्याकडेच असू दे." मी माफी मागितली. ते पत्र अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

त्यानंतर मी अंदाज बांधणे सोडले आणि नोंदी वाचायला घेतल्या. आमचे पॅनल ज्याला ‘ॲड्रेसेबल’ म्हणतात त्या जातीचे आहे, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि कुठल्या क्रमांकाने, कुठल्या तारखेला, किती वाजता संदेश दिला, याची नोंद पॅनलच्या स्मृतीत राहते. ही नोंद आजवर कुणी काढून पाहिलेली नव्हती. तंत्रज्ञाने बटणे दाबत एकेक ओळ वाचली आणि मी नातवाच्या चौकटीच्या वहीत मजला उभा आणि वेळ आडवी अशी टिंबे मांडत गेलो. दहा आठवड्यांत ४३ टिंबे पडली. त्यातली जवळजवळ सगळी दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या मजल्यावर होती. अकराव्याची टिंबे डिसेंबरात तो पुन्हा चालू केल्यानंतरचीच होती, कारण त्याआधी तो बंद होता, पण दहावा आणि बारावा दोन्हीकडून साक्ष देत होते. पहिल्या सहा मजल्यांवर एकही टिंब नव्हते. वेळ सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा घरोघर चकल्या तळल्या जात होत्या, तेव्हा टिंबे वाढतील असे मला वाटले होते. ती थोडी वाढलीही होती, पण खरी गर्दी झाली होती ती थंडी पडल्यावर.

खालच्या सहा मजल्यांवरही चोवीस घरे आहेत आणि तिथेही रोज फोडण्या होतात. मग तिथले डिटेक्टर गप्प का, याचे उत्तर स्वयंपाकात मिळणार नव्हते.

वही घेऊन मी लॉबीत गेलो आणि छताकडे पाहत चालू लागलो. प्रत्येक मजल्यावर दोन आणि तीन नंबरच्या फ्लॅटच्या मध्ये एक उभा डक्ट आहे. दोन्हीकडची स्वयंपाकघरे त्याला लागून आहेत, आणि त्यातून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या जातात. प्लंबरला आत हात घालता यावा म्हणून लॉबीच्या बाजूला त्याला प्लायवूडचे एक दार आहे. डिटेक्टर त्या दारापासून माझ्या टेपने मोजून ४० सेंटिमीटरवर होता. दाराची खालची कड पाण्याने फुगून वर उचललेली होती आणि तिथे बोट जाईल एवढी फट होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बाहेर कडाक्याची थंडी असताना, मी देवघरातली एक उदबत्ती पेटवून अकराव्या मजल्यावर गेलो. सुरक्षारक्षकाला आधी सांगून ठेवले होते आणि उदबत्ती गुडघ्याच्या वर नेली नाही, कारण तपास करणाऱ्यानेच भोंगा वाजवला असता तर माझी सेक्रेटरीपदाची कारकीर्द तिथेच संपली असती. फटीसमोर उदबत्ती धरली, तेव्हा तिच्या धुराची सरळ वर जाणारी रेघ मोडली आणि माझ्या पायाकडे आडवी वाहू लागली. डक्टमधून हवा बाहेर, लॉबीत येत होती. मी जिन्याने खाली उतरत प्रत्येक मजल्यावर तेच केले. आठव्यावर रेघ किंचित झुकली. सातव्यावर ती ठरवू शकत नव्हती, कधी इकडे तर कधी तिकडे. दुसऱ्या मजल्यावर मात्र धूर फटीतून आत ओढला गेला, जणू कुणी पलीकडून ओठ लावून तो शोषून घेत होते. मी त्या गार फरशीवर बसून चार-पाच वेळा तेच पुन्हा पाहिले. साठी उलटलेला माणूस पहाटे साडेसहाला डक्टच्या दारापाशी उदबत्ती घेऊन बसलेला पाहून दूधवाल्याने नमस्कार केला आणि तो काही न विचारता पुढे गेला.

यामागचे कारण शाळेत शिकलेलेच आहे, फक्त ते बारा मजले उंच आहे. गरम हवा हलकी असते आणि वर चढते. थंडीच्या सकाळी बाहेरची हवा बारा-तेरा अंशांवर असते, तर डक्टमधली त्याहून आठ-दहा अंशांनी गरम, कारण दिवसभर तापलेल्या भिंती, आंघोळीच्या गरम पाण्याने तापलेल्या नळ्या आणि चुलींचा उष्मा हे सगळे तिथेच साठते. अशा उंच आणि गरम नळकांड्यात हवा खालच्या फटींतून आत शिरते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते. जोर फार नसतो, खालपासून वरपर्यंत मिळून एक-दीड मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा, पण फुगलेल्या प्लायवूडच्या फटीतून धूर ढकलायला तो पुरतो. मधल्या कुठल्यातरी मजल्यावर आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. आमच्याकडे तो सातवा होता. उन्हाळ्यात आत-बाहेर फरक फारसा राहत नाही, म्हणून जोरही राहत नाही. "थंडीत जास्त वाजतं साहेब."

डक्टमध्ये कढईची हवा येत कुठून होती, हे पाहायला दार उघडून आत बॅटरी मारली. वर-खाली, दोन्ही भिंतींतून, चंदेरी घडीचे लवचिक पाइप डक्टमध्ये तोंड काढून उभे होते. त्या डक्टला लागून असलेल्या २४ स्वयंपाकघरांपैकी १५ घरांच्या चिमण्या त्यातच सोडलेल्या होत्या. चिमणी बसवायला येणारा माणूस जवळात जवळची भिंत पाहतो, तिला भोक पाडतो आणि निघून जातो, आणि पलीकडे काय आहे हे घरातल्यांना कधी दिसत नाही. प्रत्येक तोंडाखाली भिंतीवर तेलाचा तपकिरी ओघळ उतरलेला होता. काही ठिकाणी तो बोटभर जाड होऊन लाखेसारखा चमकत होता. खोट्या भोंग्याचा तपास करायला निघालेल्या मला त्या क्षणी खऱ्या आगीची भीती वाटली. एखाद्या घरात कढईने पेट घेतला, ज्वाला चिमणीच्या पाइपातून मागे गेली, तर या तेलकट भिंतीवरून ती किती मजले चढेल, याचा विचार मी फार वेळ करू शकलो नाही.

खात्री करण्यासाठी मी चौथ्या मजल्यावरच्या ताईंकडे गेलो. त्या रोज तीस-पस्तीस डबे करतात आणि त्यांची सकाळची भाजी सव्वासातला चुलीवर चढते. सोसायटी आपला व्यवसाय बंद पाडायला आली आहे, असे वाटून त्या आधी जरा गप्पच होत्या. त्यांना वहीतली टिंबे दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी तेलात चार सुक्या मिरच्या जास्त टाकायची विनंती केली. मी अकराव्यावर डक्टच्या दाराशी नाक लावून उभा राहिलो आणि फोनवर त्यांनी "टाकल्या" म्हटल्यापासून घड्याळ लावले. दोन मिनिटांच्या आत मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले, आणि पाठोपाठ डोक्यावरचा डिटेक्टर लाल झाला. खाली गेल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मिरचीनं सगळी बिल्डिंग उठवली म्हणा की!" उठले कुणीच नव्हते, हे मी त्यांना सांगितले नाही.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नव्हती. डक्ट वरून उघडा असायला हवा होता. वर मोकळे तोंड असते तर सगळी गरम हवा सरळ आकाशात गेली असती आणि वरच्या मजल्यांच्या फटींकडे वळायचे तिला कारणच राहिले नसते. गच्चीवर चढून पाहिले, तर डक्टच्या तोंडावर पत्रा होता, चारही बाजूंनी विटा आणि सिलिकॉन लावून पक्का बसवलेला. सोसायटीची जुनी कार्यवृत्ताची वही काढली. तीन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत कबुतरांचा आणि पावसाच्या पाण्याचा त्रास होतो म्हणून डक्ट झाकावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला होता. एकमताने, म्हणजे माझाही हात त्यात वर होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फॅब्रिकेटरला बोलावून पत्रा काढला आणि आठ दिवस तसाच ठेवला. भोंगा एकदाही वाजला नाही. उदबत्ती घेऊन पुन्हा फिरलो, तेव्हा अकराव्या आणि बाराव्या मजल्यावरही धूर डक्टच्या आत ओढला जात होता. नंतर तोच पत्रा लोखंडी पायांवर दीड फूट उचलून बसवला, चारही बाजूंना रुंद छिद्रांची जाळी लावली आणि ती महिन्यातून एकदा झाडण्याचे काम सफाई कामगाराच्या यादीत घातले, कारण कबुतरांची पिसे अडकून जाळी बुजली की आपण पुन्हा पत्र्यावरच येणार. या सगळ्याला जेवढा खर्च आला, त्याहून अधिक पैसे आधीच्या दोन वर्षांत डिटेक्टर बदलण्यात गेले होते.

खोटा भोंगा तिथेच थांबला होता आणि कार्यकारिणीतल्या बहुतेकांना प्रकरण तिथेच मिटवायचे होते. मला ते तेलाचे ओघळ विसरता येत नव्हते. शिवाय जो डक्ट धूर वर नेतो आणि ज्याची दारे प्लायवूडची आहेत, तो खऱ्या आगीत एका मजल्यावरचा धूर बाकीच्या मजल्यांवर वाटत सुटतो. पुढचे चार महिने यातच गेले. प्लायवूडची दारे काढून आगरोधक पोलादी दारे बसवली. त्यांच्या कडेला अशी पट्टी असते, की ती उष्णतेने फुगते आणि फट बंद करते. डक्टच्या भिंती खरवडून, धुऊन घेतल्या. त्या कामाचे वर्णन न केलेले बरे. डिटेक्टर डक्टच्या दारापासून दोन मीटर दूर सरकवले.

सर्वांत चिवट काम १५ चिमण्या डक्टमधून बाहेर काढण्याचे होते. पाइप ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या भिंतीतून सोडायचा म्हटले की कुणाचे फर्निचर आड येते, कुणाची सासू म्हणते की नव्या भिंतीला भोक नको, कुणी विचारते की बिल्डरने आधी का सांगितले नाही. मी सभेत भाषण करण्याचा नाद सोडला आणि प्रत्येकाला डक्टचे दार उघडून त्याच्याच पाइपखालचा ओघळ दाखवला. बारा घरे तयार झाली. बहुतेकांकडे सहा इंची पाइपच्या जागी चार इंची बसवलेला होता, त्यावर काटकोनात तीन-तीन वळणे, त्यामुळे चिमणीच्या खोक्यावर लिहिलेली ताशी हजार-बाराशे घनमीटरची ओढ प्रत्यक्षात उरलेलीच नव्हती. आता सहा इंची सरळ पाइप, जास्तीत जास्त एक वळण आणि बाहेरच्या तोंडाला उलट वारा आला की मिटणारी झडप, असे ठरवून दिले. उरलेल्या तीन घरांत पाइप नेणे शक्यच नव्हते. तिथे कोळशाच्या गाळणीची, हवा घरातच परत सोडणारी चिमणी बसली. ती वास आणि तेल काही प्रमाणात धरते, पण उष्मा आणि वाफ घरातच राहतात, म्हणून त्या घरांना तळण करताना खिडकी उघडावी लागते, मुख्य दार नव्हे. घरात धूर झाला की दार उघडून तो लॉबीत सोडायचा, ही सवय आपल्या सगळ्यांचीच आहे आणि ती सोडवायला मला चिमण्यांहून जास्त वेळ लागला.

ओढ सुधारल्यावर एक गंमत झाली. पाचव्या मजल्यावरच्या एका घरातून तक्रार आली, की नवी चिमणी लावली की मुख्य दार शिटी वाजवते आणि बाथरूममधून गटाराचा वास येतो. त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी कुठूनतरी आत यावीच लागते, आणि खिडकी मिळाली नाही तर ती दाराखालून किंवा मोरीच्या जाळीतून येते. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडायला सांगितली, तेव्हा शिटी आणि वास दोन्ही थांबले.

सातव्या मजल्यावरचे प्रकरण वेगळे होते. तिथल्या तरुण दाम्पत्याने स्वयंपाकघराची भिंत पाडून ते दिवाणखान्याला जोडले होते, आणि त्यांच्या दिवाणखान्यातला डिटेक्टर आता शेगडीपासून सात-आठ फुटांवर आला होता. तो वाजू नये म्हणून त्यांनी त्याला केस झाकायची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. रबराची कड इतकी नीट बसली होती, की मला क्षणभर कौतुकच वाटले. टोपी काढली, स्वयंपाकाच्या भागात उष्णतेचा डिटेक्टर लावला आणि धुराचा निजायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात नेला.

पॅनलवरही एक सोय करून घेतली, जी त्यात पहिल्यापासून होती आणि कुणी वापरली नव्हती. एखाद्या डिटेक्टरने संदेश दिला की पॅनल त्याला एकदा शून्यावर आणते, थोडा वेळ थांबते, आणि त्याने पुन्हा धूर आहे असे सांगितले तरच भोंगा वाजवते. झुळकीसरशी येऊन गेलेला धूर त्यात गाळला जातो. सुरक्षारक्षकासाठी नियम असा केला, की वर जाऊन पाहिल्याशिवाय भोंगा बंद करायचा नाही, आणि वहीत वेळ, मजला आणि दिसलेले कारण लिहायचे. मजला बंद करण्याची किल्ली आता माझ्याकडे आणि चेअरमनकडे असते.

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत त्या वहीत दोनच नोंदी झाल्या. एकदा नवव्या मजल्यावर कुणीतरी फरशी कापली होती, आणि एकदा पहिल्या पावसानंतर आलेला किडा डिटेक्टरच्या डबीत शिरला होता. सुरक्षारक्षकाने कारणाच्या रकान्यात "किडा (मेला)" असे लिहिले आहे.

जुलैमध्ये प्रमाणपत्रासाठी तपासणी होती. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तंत्रज्ञ काठीच्या टोकाला लावलेल्या फवाऱ्याने प्रत्येक डिटेक्टरला खोटा धूर दाखवणार होता आणि भोंगा वाजणार होता. तशी सूचना मी तीन दिवस आधी फलकावर लावली आणि ग्रुपवरही टाकली. अकराला भोंगा वाजला आणि मी पार्किंगमध्ये उभा असताना जिन्यातून पावलांचा आवाज येऊ लागला. आधी मुले आली, मग काठी टेकत आठव्या मजल्यावरचे आजोबा, मग समोरच्या काकू. चौथ्या मजल्यावरच्या ताई एका हातात झारा तसाच घेऊन उतरल्या आणि, "गॅस बंद करून आलेय," असे त्यांनी पहिल्यांदा सांगितले. मी मोजले, तेव्हा तीसच्या वर माणसे झाली होती. "अहो, फलकावर लिहिलं होतं ना, आज तपासणी आहे म्हणून?" मी काकूंना विचारले.

"वाचलं होतं," त्या म्हणाल्या, "पण वाजला ना."